दोरीवर ढकलल्यावर तो परत का येतो?

टीव्हीवरच्या रेसलिंगसारख्या एका छोट्या कार्यक्रमात मामांनी पहिल्या पाच मिनिटांतच खुर्चीवरून अर्धवट उठून मोठ्यानं विचारलं, "आरं, त्यानं दोरीवर ढकलला म्हनून ह्यो परत पळत कशाला येतोय? थांबता येत न्हाई व्हय?"

पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं वळून हसली. माझा अकरा वर्षांचा मुलगा खुर्चीत खाली खाली घसरत गेला. मामांना इथं आणून मी स्वतःवर एक काम ओढवून घेतलं होतं. घरी पोचेपर्यंत सगळं समजावून सांगावं लागणार होतं.

मामा मुळशीकडचे. ऐन तारुण्य पेठेतल्या तालमीत काढलेलं, यात्रांची मैदानं मारलेली, पैलवानांचे असतात तसे दोन्ही कान फुटलेले. आज पंचाहत्तरी गाठली तरी टीव्हीवर महाराष्ट्र केसरी लागली की जेवणाचं ताट बाजूला सरतं. मुलाला मात्र वेड दुसऱ्याच कुस्तीचं. मुखवटे, झगमगीत चड्ड्या, कानठळ्या बसवणारं संगीत. आमच्या पिढीनं हीच मंडळी ट्रंप कार्डांवर पाहिली होती. छाती किती, दंड किती, लढती किती, यावर मागच्या बाकावर बसून आम्ही एकमेकांची कार्डं जिंकायचो. मुलाला कुठून तरी कळलं की चिंचवडच्या बाजूला एका जिमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असा एक छोटा खेळ आहे. मोठी कंपनी नाही, टीव्हीचे कॅमेरे नाहीत. दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या पोरांनी स्वतःच उभा केलेला कार्यक्रम. दीडएकशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधोमध रिंग, दोन मोठे स्पीकर. परदेशात अशा लहान, स्वतंत्र मंडळींचा वर्षानुवर्षं चालत आलेला फड आहे. शाळेच्या हॉलमध्ये, क्लबात, गोदामात हे खेळ होतात आणि टीव्हीवरचे कितीतरी मोठे गडी आधी तिथंच घासून निघालेले असतात.

मामा आले ते 'कुस्ती आहे' एवढंच ऐकून. त्यामुळे पुढचं सगळं म्हणजे त्या संध्याकाळी मामांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं. काही उत्तरं तिथंच दिली, काही घरी येऊन नीट जुळवली.

दोरीच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो प्रत्येक जण विचारतो: हे खोटं आहे ना?

तर, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. त्यात आता गुपित असं काही उरलेलं नाही. आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणून माहीत असलेल्या कंपनीच्याच लोकांनी १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगितलं की आमचा हा प्रकार खरी स्पर्धा नव्हे, प्रेक्षकांची करमणूक आहे. अचानक प्रामाणिकपणाचं वारं अंगात आलं म्हणून नव्हे बरं का. स्पर्धा म्हटली की राज्याचं क्रीडा नियामक मंडळ आलं, त्यांचे परवाने आले, करही आला. करमणूक म्हटली की त्यातून सुटका. एवढी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित शेवटी फुटलं ते पैशाच्या हिशेबापायी.

मामांकडे ठरवलेल्या कुस्तीला एकच शब्द आहे: नुरा. हा शब्द हल्ली वर्तमानपत्रात राजकारणाच्या पानावरच जास्त दिसतो, पण मैदानावर तो शिवीसारखा लागतो. जोड लागलेली, इनाम जाहीर झालेलं, चार गावचे लोक आलेले, आणि दोघा पैलवानांनी आतून संगनमत करून कुस्ती सोडवायची. यात फसतो तो प्रेक्षक. समोर जे चाललंय ते खरं आहे असं सांगून त्याला बसवलेलं असतं.

पत्र्याच्या शेडमध्ये फसलेलं कोणीच नव्हतं. नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायकाला गोळी लागली म्हणून बालगंधर्वमधून कोणी पोलिसांना फोन करत नाही. कोकणातल्या दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, तरी तो येताना पोर आईच्या मागं दडतंच. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं आणि तो आपण होऊन ते दोन तास बाजूला ठेवतो. नुऱ्यात पैलवान प्रेक्षकाविरुद्ध एक होतात. इथं तिघांचंही संगनमत असतं, दोन गडी आणि प्रेक्षक.

मामांना हे फारसं पटलं नाही. "मग नाटक म्हना की. कुस्ती कशाला म्हनायचं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला शंभराहून जास्त वर्षं मागं जावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्या उत्तरात मामांचं दैवतच भेटतं.

१० सप्टेंबर १९१०, लंडन. आपला गामा पैलवान विरुद्ध पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. पैजेला 'जॉन बुल' पट्टा. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतला. झिबिस्कोला उमगलं की उभं राहिलो तर संपलो. तो जमिनीला घोरपडीसारखा चिकटून बसला. अडीच तासांहून जास्त वेळ! गामा वरून ओढतोय, हा हलत नाही. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. आठवड्यानं पुन्हा लढत ठरली तर झिबिस्को फिरकलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. त्यानंतर १९२८ मध्ये पतियाळ्याला हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा मिनिट पुरं व्हायच्या आत गामानं त्याला आस्मान दाखवलं.

या दोन लढती तिकीट विकणाऱ्या माणसाच्या नजरेनं पाहा. गडी तेच, दर्जा तोच. एका खेपेला लोक अडीच तास जांभया देत बसले. दुसऱ्या खेपेला कोणी पान लावायला मान खाली घातली असेल तर त्याची कुस्ती हुकली. खऱ्या कुस्तीचं हेच आहे. ती तुमच्या सोयीनं रंगत नाही. यात्रेतल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, कारण दिवसभरात पन्नास जोडी लागतात, हलगी वाजत असते, एक लवकर संपली तर दुसरी. पण अमेरिकेत एका मोठ्या लढतीवर अख्ख्या हॉलचं तिकीट विकायचं असे. तिथल्या फिरत्या जत्रांमध्ये तर एखादा गडी गावकऱ्यांना आव्हान द्यायचा: माझ्यासमोर इतकी मिनिटं टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा. या धंद्यात निकाल दैवावर सोडणं परवडत नव्हतं. निकाल हळूहळू ठरवून होऊ लागले. १९२० च्या दशकात एड लुईस नावाचा जबरदस्त पैलवान, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि डोकेबाज टूट्स माँट या तिघांनी त्याला पक्कं रूप दिलं. लढतीला वेळेची मर्यादा, उचलून आपटण्याचे डाव, गतिमान खेळ, आणि एका लढतीतून पुढच्या लढतीची उत्कंठा.

पण इथं एक मेख होती. निकाल ठरला तरी गडी खरे होते. ठरलेल्या गड्यानं ऐन वेळी शब्द फिरवला तर?

तसंच झालं. या त्रिकुटानं १९२५ मध्ये वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला विजेता करून टाकलं. देखणा, लोकप्रिय, पण कुस्ती बेताचीच. त्याची शान वाढावी म्हणून एका जुन्याजाणत्या पैलवानाला त्याच्याकडून हरायचं काम दिलं. हा पैलवान कोण, तर आपला झिबिस्को. तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला. तो आतून विरोधी गोटाला मिळाला होता. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्यानं ठरलेलं सगळं गुंडाळून ठेवलं आणि त्या बिचाऱ्या मनला खरोखर पाडला, पुन्हा पुन्हा पाडला. पंचालाही दुसरा निकाल देता येईना. या धंद्यात ठरलेल्या गोष्टीला 'वर्क' म्हणतात आणि अचानक खऱ्यावर उतरण्याला 'शूट'. तो दिवस म्हणजे इतिहासातलं एक गाजलेलं शूट.

ही गोष्ट सांगितल्यावर मामा पहिल्यांदा खुलले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "गामाच्या हातचा मार खाल्लेला गडी त्यो. त्याला फुटबॉलवाला काय पुरनार!"

(पतियाळ्याचा मार त्यानं नंतर खाल्ला हे मी बोललो नाही. लंडनचे अडीच तास पुरेसे होते.)

आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या लढतींना जुन्या मुंबईत लोटलेली गर्दी घरोघरीच्या आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. १९६८ मध्ये अमेरिकेचा नामांकित लू थेझही मुंबईत दारासिंगसमोर उभा राहिला होता. पुण्यापुरतं बोलायचं तर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात 'रिंग का किंग' नावाच्या अख्ख्या मालिकेचं चित्रीकरण झालं होतं. अमेरिकेतल्या टीएनए कंपनीनं काढलेली ती मालिका २८ जानेवारी २०१२ पासून कलर्स वाहिनीवर लागली, २६ भाग चालली आणि संपली. आपल्या शेजारी बालेवाडीत हे घडलं हे आज किती पुणेकरांच्या लक्षात आहे कोण जाणे.

रिंगणाच्या आत

आता मामांच्या दोरीकडे येऊ. ती रिंग बाहेरून गादीसारखी दिसते. तशी ती नसते. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वरून ताणलेलं कापड. फळ्या थोड्या लवतात, आवाज मोठा करतात, पण पाठीला लागायचं ते लागतंच. आमची खुर्ची जवळ असल्यामुळे प्रत्येक आपटीला पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटत होती. दोऱ्या म्हणजे बऱ्याच ठिकाणी रबरी नळीत घातलेली पोलादी तार. पाठीनं त्यावर आदळणाऱ्या नवशिक्याच्या काखेखाली काळेनिळे वळ उठतात.

दोरीवर ढकललेला गडी परत का येतो? कारण परत यायचं ठरलेलं आहे, हे एक. पण दुसरंही आहे. नाटकात पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत बोलतं आणि शेजारी उभ्या असलेल्याला ते ऐकू येत नाही. हे कसं, असं आपण विचारत नाही, तो संकेत आहे. दोरीवरून परत येणं हा तसाच संकेत. तो तोडायचा असेल तर एखादा गडी दोरी धरून मुद्दाम थांबतो, आणि लोक हसतात. संकेत आहे म्हणून तर तो मोडला की हसू येतं.

पडण्याला इथं 'बंप' म्हणतात आणि शिकाऊ पोराला सगळ्यात आधी तेच शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं मागं आपटत नाही. श्वास सोडायचा. पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात पसरून जमिनीवर मारायचे. धक्का एका जागी न बसता अंगभर पसरतो. लाथ मारताना किंवा ठोसा देताना 'फाट' असा आवाज येतो, तो बरेचदा मारणाऱ्यानं स्वतःच्या मांडीवर मारलेल्या चापटीचा किंवा पाय आपटल्याचा. छातीवर उघड्या पंजाचा जो तडाखा बसतो, तो मात्र जवळजवळ नेहमीच खरा. तिसऱ्या लढतीतल्या पोराच्या छातीवर पाची बोटं उमटलेली आम्ही पाहिली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे मेकअप आहे का?" मामा म्हणाले, "येडा हैस का? कातडं हाय त्ये."

मग एक गंमत झाली. माझ्या समजावण्याची गरजच हळूहळू कमी होत गेली. मामांचं लक्ष मुखवट्यांवरून उडून हातांवर गेलं. चौथ्या लढतीत एका थोराड गड्यानं किरकोळ अंगाच्या पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि आपटलं. सगळी शेड ओरडली. मामा गप्प. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "त्यानं उचलला न्हाई. त्यो पोरगाच वर गेला. मांडीवर हात टेकून उडी मारली त्यानं. आन् खाली येताना बघितलंस का, थोरल्यानं मानंखाली हात घातला. पाडला न्हाई त्यानं. झेलला."

मामा वीस वर्षं कलाजंग, म्हणजे समोरच्याला खांद्यावर घेऊन टाकायचा डाव, मारत आले. समोरचा गडी अंग जड करतो, लोंबकळतो, निसटायला बघतो, आणि तरी त्याला खांद्यावर घ्यायचा. इथं उचलल्या जाणाऱ्यालाच वर जायचंय आणि उचलणाऱ्याला त्याची मान सांभाळायचीय. तालमीतला पैलवान आपला पुढचा डाव समोरच्याला कळू देत नाही. सगळी विद्या लपवण्यात आहे. एकेरी पट काढायचा, म्हणजे एक पाय धरून पाडायचं, तर डोळा वरच ठेवायचा. इथली सगळी विद्या समोरच्याला कळवण्यात आणि प्रेक्षकापासून लपवण्यात. शेवट आणि दोनचार मोठे डाव आधी ठरवलेले असतात, मधलं बरंच काही जागच्या जागी जुळवतात. डोकं काखेत आवळून दोघं बराच वेळ घोटाळताना दिसले की समजावं, आत कुजबुज चालू आहे. हात दाबून 'ठीक आहेस ना' विचारता येतं, उलट दाबून 'हो' सांगता येतं.

"समदे डाव्याच हाताला का झोंबत्यात?" हाही मामांचाच शोध. मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. खरंच तसं असतं. हात किंवा पाय पिरगळायचा तो डावा, हा जगात बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. अनोळखी गडी पहिल्यांदा समोर आला तरी कोणती बाजू पुढं करायची हे दोघांना ठाऊक असतं. मेक्सिकोत मात्र उजवी बाजू धरतात. तिथल्या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. मुखवट्यांची खरी परंपरा तिथलीच आणि तिथली सगळ्यात जुनी कंपनी १९३३ पासून अखंड चालू आहे.

आणि पंच? आपल्या मैदानात पंच म्हणजे न्यायाधीश. इथं तो आधी निरोप्या. पडद्यामागून वेळ कळवतात, तो वाकून मोजल्यासारखं करत गड्यांच्या कानात सांगतो, 'दोन मिनिटं राहिली'. त्याच्याकडे एक खूण मात्र पूर्ण गंभीर असते. दोन्ही हात वर करून गुणाकाराच्या चिन्हासारखे एकमेकांवर धरले की समजायचं, ठरलेलं नाही, खरंच लागलंय, डॉक्टरला बोलवा. मान, डोक्याला बसणारे धक्के, गुडघे, यात आयुष्यभराची दुखणी लागलेले गडी जगभर आहेत. निकाल आधी लिहिलेला असला तरी गुडघ्याला ते कोणी वाचून दाखवलेलं नसतं. घरातल्या सोफ्यावरून धाकट्या भावंडावर उडी मारणाऱ्या पोरांना एवढं तरी जरूर सांगा.

खलनायक गाडी हाकतो

लढतीत दोन बाजू असतात. चांगल्याला 'फेस', वाइटाला 'हील' म्हणतात. नवख्याला वाटतं चांगला गडी महत्त्वाचा. गाडी हाकतो तो हील. कधी दाबायचं, कधी सैल सोडायचं, लोक थंड पडलेत का तापलेत, हे तो ओळखतो, आणि परंपरेनं पुढचा डाव कुजबुजून सांगण्याचं कामही जास्त करून त्याच्याचकडे असतं.

आमच्या शेडमधला हील आला तोच माइक मागून घेत. "पुणेकरांनो," म्हणाला, "मी मुंबईहून आलोय. खरं शहर काय असतं ते बघायचं असेल तर कधीतरी या तिकडं." बस्स. तोवर हाताची घडी घालून बसलेली शेड एका क्षणात पेटली. मागच्या काकू, ज्या नातवाला सोबत म्हणून आल्या होत्या आणि स्वेटर विणायच्या तयारीत होत्या, त्यांनी दिलेली हाक इथं लिहिण्याजोगी नाही. जगभरच्या छोट्या कार्यक्रमांत ही युक्ती चालते. ज्या गावात उभा आहेस त्या गावाला नाव ठेव. तिला 'चीप हीट' म्हणतात, म्हणजे स्वस्तातला संताप. स्वस्त असली तरी ती दर वेळी चालते.

त्यानंतरची लढत ठरावीक चालीनं जाते. आधी चांगला गडी आपली चमक दाखवतो. मग हील काहीतरी लबाडी करतो, पंचाची पाठ फिरली की डोळ्यात बोट, आणि बराच वेळ वरचढ राहतो. चांगला गडी उठतो, पुन्हा पडतो. तिसऱ्यांदा उठतो तेव्हा लोक पाय आपटायला लागतात. खांदे टेकले की पंच तीन मोजणार, तर दोन झाल्यावर खांदा उचलला जातो, आणि शंभर माणसांच्या घशातून एकच उसासा निघतो. कोण जिंकणार हे माहीत असलेला उसासा! मामासुद्धा दोनला उभे राहिले. नंतर म्हणाले, पायाला मुंग्या आल्या होत्या.

कार्यक्रमाची चढण मात्र मामांना कोणी शिकवायची गरज पडली नाही. यात्रेत आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची. इथंही तेच. पहिली लढत छोटी आणि चपळ, लोकांना जागं करायला. मग एक हसवणारी. मुलींची एक झाली, आणि माझ्या मते ती सगळ्यात नेटकी होती. दोघींच्या पकडीत घाई नव्हती. मग जोडीजोडीची, आणि शेवटी पट्ट्याची. जोड लावण्याचं काम करणाऱ्याला इथं 'बुकर' म्हणतात. मैदानात जोड लावणारा जाणता माणूस वजन आणि ताकद बघतो, बुकर त्याशिवाय राग कुठं साठलाय ते बघतो.

तुम्हाला असा कार्यक्रम बघायला जायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. पुढची रांग मिळाली तर घ्या, पण पिशवी मांडीवर धरा आणि चहाचा कप खाली ठेवू नका. गडी रिंगबाहेर फेकले जातात, ते तुमच्याच दिशेनं येतात, आणि 'बाजूला व्हा' म्हटल्यावर खुर्ची वाचवायला न बघता उठायचं असतं. गड्याला हात लावायचा नाही. तो दोन पायांवर तोल धरून असतो आणि तुमच्या कौतुकाच्या थापेनं त्याचा घोटा मुरगळू शकतो. ओरडायला लाजू नका. आपल्याकडे नाटकात शांत बसणं ही सभ्यता, इथं शांत बसणं हा गड्याचा अपमान. 'खोटं आहे' असं ओरडून शहाणपणा दाखवणारा एक तरी असतोच. गाण्याच्या मैफलीत उठून 'हा राग आधीच माहीत होता' म्हणणाऱ्यासारखा तो दिसतो. आणि जमलं तर निघताना दाराजवळच्या टेबलावरून काहीतरी विकत घ्या. तिकिटाचे पैसे जागेच्या भाड्यात आणि रिंगच्या टेंपोत जातात. गड्याच्या हातात पडतं ते बहुधा टी-शर्टचं आणि फोटोचं.

रिंगवरून आठवलं. शेवटची लढत संपून दहा मिनिटं झाली नाहीत तोच, मघाशी लढलेली पोरंच फळ्या उचलायला लागली. जगभर असंच चालतं. शिकाऊ पोरानं रिंग बांधायची, सोडायची, मग त्यात उतरायचं. मामा त्या फळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या तालमीत नव्या पोरानं आधी महिनोन्महिने हौद्यातली माती खणायची असे. ताक, तेल, हळद घालून ती परतायची, आणि मग कुठं वस्ताद अंगाला हात लावू द्यायचे.

केफेब

एक शब्द राहिला. केफेब. जत्रेतल्या खेळवाल्यांच्या आतल्या बोलीतून आलेला. अर्थ असा की बाहेरच्यासमोर सोंग सोडायचं नाही. एके काळी हे इतकं कडक होतं की रिंगमधले वैरी एका गाडीतून प्रवास करत नसत आणि एका टेबलावर जेवत नसत. आता इंटरनेटच्या जमान्यात ते बरंच सैल झालंय. पण पूर्ण गेलेलं नाही.

बाहेर पडताना टेबलाशी तो 'मुंबईकर' हील उभा होता. मानेवर ओला टॉवेल, भोवती चारपाच पोरं. माझ्या मुलानं लांबूनच विचारलं, "एक फोटो?" हीलनं असा डोळा वटारला की पोरगा माझ्यामागं सरकला. फोटो काढला, पण हील हसला नाही.

मामा थेट पुढं गेले. काही न बोलता त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला अंगठा दाबला. तो कळवळला. मामा हळूच म्हणाले, "शेवटच्याला वाकडा पडलास पोरा. इथं धरलंय. रात्री शेक दे. कुठल्या तालमीतला?"

त्यानं मामांच्या कानांकडे पाहिलं. मग पोरांकडे चोरटी नजर टाकून, ओठ न हलवता म्हणाला, "भोसरी, काका. चार वर्षं मातीत होतो. घरी गेल्यावर शेकतो." आणि लगेच मान वळवून माझ्या मुलावर गुरगुरला, "काय बघतोस रे?"

गाडीत बसल्यावर औंधपर्यंत कोणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून प्रश्न आला. "आजोबा, तो काय म्हणाला तुम्हाला? तो खरंच तसा वाईट आहे का?"

मी आरशात मामांकडे पाहिलं. आता सगळं सांगून टाकतील असं वाटलं.

मामांनी काच खाली केली, बाहेर बघत म्हणाले, "लई बेकार मानूस. त्याच्या नादाला लागू नगंस."